नव्या एडिशनमध्ये बैल नाहीत

नवी एडिशन येणार ही बातमी आली तेव्हा आमच्यात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमचा खेळ म्हणजे टेबलावरचं युद्ध. बोटाएवढे प्लॅस्टिकचे सैनिक आपणच चिकटवायचे, आपणच रंगवायचे, मोठ्या टेबलावर समोरासमोर मांडायचे आणि टेपनं अंतर मोजत, फासे टाकत लढवायचे. एका डावात अख्खी दुपार जाते. नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड. ते काढणारी कंपनी परदेशातली, आणि दर काही वर्षांनी आपलं आधीचं पुस्तक चुकलं होतं असा तिला साक्षात्कार होतो. मग नवं पुस्तक येतं आणि जुनं रद्दीत जातं. चाळिशी ओलांडलेली माणसं असलं काही खेळतात हे माझ्या बायकोला कधीच पटलेलं नाही. पूर्वी मी तिच्याशी वाद घालायचो.

शिवाजी पेठेत एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर मोकळी खोली आहे. रविवारी दवाखाना बंद असतो, त्यामुळे तिथं आम्ही चौघं जमायचो. स्वतः डॉक्टर, त्याच गल्लीत फ्लेक्स छापणारा एक जण, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आणि मी, ज्युनिअर कॉलेजातला भूगोलाचा मास्तर. प्रत्येकाची फौज ठरलेली. डॉक्टरांचे चिलखतवाले सरदार, फ्लेक्सवाल्याचे थडग्यातून उठलेले मुडदे, मॅडमचे रानातले तिरंदाज. माझी फौज गाडीवानांची. म्हणजे बैलगाड्यांवरून हिंडणारी एक भटकी जमात; लढाईच्या वेळी ती गाड्यांचा कोट करते आणि आतून भाले फेकते. ही फौज कुणी घेत नाही, कारण ती हरते. मी घेतली ती बैलांसाठी.

माझं गाव राधानगरीच्या बाजूला. घरी म्हशी आणि भात, पण बैलांचा सोस वडिलांचा. डब्यावरच्या चित्रात त्या परदेशी लोकांनी बैल चॉकलेटी रंगवले होते. मी पांढरेशुभ्र खिलारी रंगवले. बेंदराला सजवतात तशी शिंगं लाल, गोंडे पिवळे, पाठीवर झूल. एका बैलाला माझा एक आठवडा जायचा. वडिलांना नेऊन दाखवले तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्याला वशिंडच न्हाय की रं." मग मी एम-सील आणून सगळ्या बैलांना वशिंडं बसवली. डॉक्टर दर रविवारी विचारायचे, "काय सर, गाड्या भरून गूळ घेऊन आलासा व्हय यार्डात? सौदा निघाला का?" मीही हसायचो. तेव्हाची चेष्टा गोड लागायची.

या फौजेत एक मोठी खोट होती. गाडी एकदा निघाली की तिला वळता येत नसे. समोरचा जरा बाजूनं आला की माझे बैल सरळ चालत टेबलाच्या कडेला जाऊन उभे राहायचे. बैलगाडी वळत नाही हा शोध ज्यानं लावला त्यानं आयुष्यात बैल बघितला नसावा. मी कंपनीला तसं पत्रही लिहिलं होतं. धन्यवाद म्हणून एक ठरावीक उत्तर आलं, बस्स. त्यामुळे नवी एडिशन येणार म्हटल्यावर माझ्या मनात एकच होतं, आता तरी गाड्या वळू देत.

बाकीच्यांच्याही आशा होत्याच. डॉक्टरांना डाव आटोपशीर हवा होता, मॅडमना बाणांचे नियम सोपे हवे होते. फ्लेक्सवाल्याला भीती होती की त्याचे मुडदे आता पुन्हा पुन्हा उठणार नाहीत. ते दोन महिने आम्ही खेळलोच नाही म्हटलं तरी चालेल. नुसती चर्चा. यूट्यूबवर कुणी परदेशी माणूस गाडीत बसून काही बडबडला की त्यावर आमची रात्र जायची. आपल्याला कुणी विचारत नाही, आपण इथं कोल्हापुरात बसून कुणाच्या तरी ऑफिसातल्या निर्णयावर जीव टांगून बसलोय, हे तेव्हा कुणाला दिसत नव्हतं.

मग कुठूनतरी एक फोटो फुटला. नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा, चोरून काढलेला, धुरकट. त्यात कोपऱ्यात धुळीच्या लोटात अर्धं चाक दिसत होतं. लाकडी, आऱ्यांचं. फ्लेक्सवाल्यानं तो फोटो दाराएवढा मोठा छापून आणला आणि भिंतीवर लावला. आम्ही चौघं त्याच्यापुढे उभे. मोठा केल्यावर तो आणखीच फुटला होता, पण चाक चाकच होतं.

"सर, तुमचीच गाडी की ही!" फ्लेक्सवाला ओरडला. "मुखपृष्ठावर! आता काय ऐकताय व्हय!"

मॅडम म्हणाल्या, "चाक कशाचंही असू शकतं." त्यांचं कुणी ऐकलं नाही. मी तर मुळीच नाही.

पुढच्या रविवारी मी जिना चढून वर गेलो तर खोलीत दुसरा फ्लेक्स. त्यावर माझा फोटो, गॉगल घातलेला, तोही कुठल्यातरी सहलीचा. मागे माझे बैल. वर ठळक अक्षरांत, "नव्या एडिशनमध्ये दणदणीत आगमनाबद्दल सरांचे हार्दिक अभिनंदन". खाली "नाद करायचा न्हाय" आणि शुभेच्छुक म्हणून तिघांचे फोटो. डॉक्टरांनी पेढे आणले होते. आमच्या कोल्हापुरात माणूस निवडून यायच्या आधीच त्याच्या विजयाचा बोर्ड छापून तयार असतो, हे मला माहीत होतं. तरी मी पेढा खाल्ला, फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि वडिलांना पाठवला.

कंपनीनं अधिकृत यादी काढली ती एका बुधवारी. मी स्टाफरूममध्ये होतो. यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. गाडीवान नव्हते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की काही जुन्या फौजा यापुढे खेळाचा भाग राहणार नाहीत, त्यांच्या चाहत्यांचे आभार. ते चाक डॉक्टरांच्या सरदारांना मिळालेल्या नव्या तोफेचं होतं. माझ्या नावाचे पेढे डॉक्टरांच्या तोफेला पावले. पुढचा तास मी घेतला, पण काय शिकवलं ते आठवत नाही.

रविवारी सगळे माझ्याशी मयतीला आल्यासारखे हळू बोलत होते. फ्लेक्सवाल्यानं बोर्ड उतरवून गुंडाळून ठेवला होता. डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कंपनी गेली उडत. आपण जुन्याच रूलनं खेळायचं. हितं कोण बघाय येतंय?" बाकीच्या दोघांनीही मान हलवली. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तो शब्द महिनाभर टिकला असेल. मग डॉक्टरांचं नवं पुस्तक आलं, तोफेसकट. "नुसतं एकदा बघूया" म्हणून एक डाव झाला. मी बाजूला बसून चहा प्यायलो. मग पुण्यात स्पर्धा ठरली, ती नव्या नियमांची, म्हणून सराव सुरू झाला. मग कुणी कारणही देईना. गरज सरो, वैद्य मरो. मी आपला दर रविवारी बैलांचा डबा घेऊन जायचो आणि तसाच परत आणायचो. बायको काही विचारायची नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

एकदा फ्लेक्सवाला सहज म्हणाला, "सर, दुसरी फौज घ्या की. वापरलेली स्वस्तात मिळती."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "तुझ्या पेठेची फुटबॉल टीम उद्या बंद झाली तर समोरच्या पेठेचा शर्ट घालशील काय?"

तो चमकला. हा माणूस फुटबॉलच्या दिवसांत समोरच्या पेठेतल्या सख्ख्या मेव्हण्याशी बोलत नाही.

"ते येगळं हाय," तो म्हणाला.

"कसं वेगळं?"

"त्यो फुटबॉल हाय, सर. ह्यो खेळ हाय."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. डॉक्टरांनी फासे उचलले आणि डाव पुढे सुरू केला.

दिवाळीनंतर कंपनीला आमची दया आली. जगभरातून शिव्या गेल्या असणार. वगळलेल्या फौजांसाठी त्यांनी एक फुकटचा कागद इंटरनेटवर टाकला. घरगुती खेळासाठी वापरा, स्पर्धेत चालणार नाही, अशी वर सूचना. मी तो कागद उघडला. त्यात लिहिलं होतं, गाड्या हव्या त्या दिशेला वळू शकतात. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. मी मोबाइलकडे बघून मोठ्यानं हसलो, आणि मग मला ते हसणं थांबवता येईना.

मॅडम म्हणाल्या, "सर, माझ्याशी एक डाव खेळा." मी खेळलो. गाड्या वळवल्या. त्यांच्या तिरंदाजांना कोटात घेतलं आणि संध्याकाळी जिंकलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं निर्विवाद जिंकलो. खोलीत एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर कोण किती जिंकलं ते लिहितात. मी पेन घेऊन उठलो, तर डॉक्टर मागून म्हणाले, "ते नका लिहू सर. ही फौज आता धरत न्हाईत." अगदी प्रेमानं म्हणाले. मी पेनाचं टोपण लावलं.

त्यानंतर त्यांनीच मार्ग काढला. नवे नियम किचकट, कुणाला पाठ होईनात. मास्तर मीच. म्हणून मला पंच केलं. "तुमच्याशिवाय हाय कोण?" असं तिघंही म्हणाले. मी नवं पुस्तक वाचून काढलं, खुणा केल्या. तोफ कुठून कुठवर मारते, मुडदे किती वेळा उठतात, सगळं मला येतं. ज्या पुस्तकात माझा एक बैल नाही ते पुस्तक या गावात माझ्याइतकं कुणाला येत नाही. जाऊ नये असं प्रत्येक शनिवारी ठरवतो. पण रविवारी दुपारी मी दुसरं कुठं जाऊ? माझी दुसरी माणसं नाहीत. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

गेल्या महिन्यात उद्यमनगरातला एक कारखानदार नवीन यायला लागला. नव्या एडिशनमुळेच या खेळाकडे वळलेला. फौजही नवीकोरी, तेवढ्याचसाठी बाहेरून मागवलेली. पहिल्याच दिवशी त्यानं पेट्या उघडल्या आणि टेबलाभोवती फिरून जागा शोधायला लागला. मी माझ्या नेहमीच्या कडेला पुस्तक घेऊन उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"हे खेळत न्हाईत?"

मी तोंड उघडलं. वाटलं, डॉक्टर काहीतरी सांगतील. गाडीवान म्हणतील, बैल म्हणतील, निदान चेष्टा तरी करतील.

"न्हाय, न्हाय," डॉक्टर आपल्या तोफेचं तोंड फिरवत म्हणाले. "सरांना रूल पाठ हायत नुसतं."

नवा माणूस नम्रपणे हसला. "पावणं, मग जरा बाजूला सरकता काय? फौज मांडायची हाय."

कुणीच मान वर केली नाही. मी सरकलो.