पांढरा कोट आणि दोन डबे

आमच्या चिंचवडच्या कंपनीत माणूस ओळखायला तोंड बघावं लागत नसे, कपडे बघितले की पुरे. कामगार निळ्यात, चार्जमन खाकीत, सुपरवायझर आणि फोरमन पांढऱ्या कोटात. त्यांच्यावरचे साहेब घरचेच कपडे घालत. त्यांना ओळखण्याची जबाबदारी आपली. कॅन्टीनचंही तेच. छप्पर एक, पण मध्ये प्लायवूडचा आडोसा. इकडे बाकडी, तिकडे टेबलखुर्च्या आणि वाढायला माणूस. मला त्या आडोशाचा राग यायचा आणि पलीकडे जायचंही होतं. दोन्ही खरं.

इकडच्या बाकड्यावर मी सात वर्षं जेवलो. शेजारी माझ्या लगतच्या लेथवरचा जोडीदार. तो महाळुंग्याच्या जुन्या पाटील घरातला, सायकल मारत यायचा. मी मराठवाड्यातून आलेला, बौद्ध. पहिल्याच आठवड्यात त्यानं न विचारता माझा डबा ओढला आणि स्वतःचा माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "रोज त्येच त्येच काय खायचं, राव?" बाकड्यावरचे दोघंतिघं चपापले. तो खाली मान घालून जेवत राहिला.

तेव्हापासून रोजची अदलाबदल. पुढे दोन्ही घरी कळलं. त्याची बायको माझ्या बेतानं तिखट कमी घालू लागली, माझी बायको त्याच्यासाठी एक भाकरी जास्त थापू लागली. दोघींची कधी भेट झालेली नव्हती.

मग संध्याकाळचे वर्ग करून मिळवलेल्या डिप्लोम्यावर मी सुपरवायझर झालो. पहिल्या दिवशी बायकोनं नेहमीसारखाच डबा भरला, कारण तो माझ्यासाठी नसायचाच. जेवणाची सुट्टी झाली तसा फोरमननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता आमच्यात. डबाबिबा बंद, इथे वाढतात." मी मुकाट्यानं गेलो. तिथेही उतरंड होतीच. नव्या माणसानं दाराजवळ बसायचं. डबा मी शिपायाच्या हाती दिला आणि म्हटलं, "माझ्या जोडीदाराला नेऊन दे."

चूक झाली ती इथे. दहा पावलं मला स्वतः जाता आलं असतं. पण पहिल्याच दिवशी फोरमनसमोरून उठायची छाती झाली नाही. पलीकडून शिपायाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "साहेबांनी धाडलाय." थोड्या वेळानं डबा न उघडता परत आला. "जेवन झालंय म्हनाले."

बायकोला कळू नये म्हणून तो मी सायकल स्टँडमागे उभ्यानं संपवला. तिनं भरलेला डबा मी सात वर्षांनी पहिल्यांदाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी फोरमनला न विचारता डबा घेऊन मी थेट बाकड्याशी गेलो. सगळे उभे राहिले. रागानं नव्हे, पांढरा कोट आला की उठायचं, ही तिथली सवय. मीही सात वर्षं उठलो होतो. जोडीदारही उठला, हातातला भाकरीचा तुकडा तसाच. "बसा, बसा," मी म्हटलं, तर माझ्या तोंडून फोरमनचाच सूर निघाला. लाज वाटली.

मी डबा पुढे केला. "काल चुकलं माझं. घे की."

त्यानं डब्याच्या झाकणावर हात ठेवला, उघडला नाही. "राग न्हाई, साहेब," तो हळू बोलला, "पर तुमी हितं बसनार हाय का?"

मी मागे बघितलं. आडोशाच्या दारात फोरमन उभा होता.

"मंग वहिनीला उगा तरास नका देऊ," म्हणून त्यानं डबा माझ्याकडे सरकवला.

सगळ्यांदेखत माझा डबा ओढायला त्याला धीर लागला असणार, हे मला त्या दिवशी कळलं. मला फक्त बसायचं होतं, तेवढंही जमलं नाही.

संध्याकाळी भरलेला डबा बघून बायकोनं विचारलं, "भाऊजींना बरं नाही का?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "मला आता तिकडे वाढतात."

तिनं डबा रिकामा केला, घासला, पुसला आणि फळीवर उपडा घालून ठेवला.