सात निऱ्यांचा मुकटा

गेल्या गणेश चतुर्थीला सकाळी सव्वादहाच्या सुमारास, परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, सहा माणसांसमोर मी अंगावरचं उपरणं काढून बाजूला ठेवलं. कमरेला वडिलांचा सोवळ्याचा रेशमी मुकटा होता. कमरेच्या वर जानवं सोडून काही नव्हतं. त्या दिवशी माझं वय शेहेचाळीस आणि वजन ब्याऐंशी किलो होतं.

खोलीत हजर होते ते असे: वडील, बायको, मोठी बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे जीजाजी, आत्या आणि गुरुजी.

त्याच्या वीस महिने आधी माझं वजन एकशे एकवीस होतं. इंदूरच्या एका दैनिकात मी पान लावण्याचं काम करतो. बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय छापायची नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. वजनालाही मी तोच नियम लावला. एक काटा डॉक्टरांच्या दवाखान्यातला, दुसरा ऑफिसच्या रद्दीच्या गोदामातला. गोदामाच्या काट्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे मोजतात. तिथला तोलणारा माणूस दर महिन्याला पहिल्या तारखेला माझी वाट बघायचा. "आओ भिया, चढो," म्हणायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. दोन्ही काटे जुळले की मी आकडा लिहून ठेवायचो.

वजन कमी करण्यात सांगण्यासारखं फार नाही. साखर वाढली होती, गुडघे दुखत होते, डॉक्टर रागावले. आमच्या शहरात पोह्यावर शेव असते, डाळीवर असते, कशावर नसली तर वेगळी मागवतात. ती बंद केली. सकाळी बंद पडलेल्या मिलच्या भिंतीकडेने चालायला लागलो. आजोबा त्याच मिलच्या कचेरीत कारकून होते. आधी भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचो, मग पूर्ण फेरी, मग तीन. वीस महिन्यांत एकोणचाळीस किलो गेले. ही गोष्ट पक्की होती. दोन्ही काट्यांनी सांगितलेली.

तरी मी दारातून तिरका होऊन आत जात होतो. पोह्याच्या दुकानात प्लास्टिकची खुर्ची आधी हाताने दाबून बघायची आणि मग उभ्यानेच खायचं, ही सवय तशीच होती. ग्रुप फोटोत पोटासमोर बॅग धरत होतो. कपड्यांच्या दुकानात सवयीने शेहेचाळीस नंबरचा शर्ट मागितला तेव्हा दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "किसके लिए?" मी म्हणालो, मोठ्या भावासाठी. मला मोठा भाऊ नाही. एक धाकटा आहे, तो पुण्याला असतो.

याच्या मागे एक सकाळ आहे. पाच वर्षांपूर्वीची गणेश चतुर्थी. त्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा पूजा माझ्याकडे दिली. आमच्याकडे पूजा सोवळ्यात होते, शिवलेलं कापड अंगावर चालत नाही. शर्ट नाही, बनियनसुद्धा नाही. वडिलांचा मुकटा मी नेसलो. निऱ्यांना कापड उरलंच नाही, एकही पडली नाही. कासोटा कसाबसा मागे खोचला. पाटावर मांडी घालून बसताना तो सुटला. जीजाजी म्हणाले, "अरे वा, इस साल तो दो-दो गणपती बैठे हैं! हार किसको डालें?"

सगळे हसले. गुरुजी हसले. वडीलही हसले.

पुढची चार वर्षं मी पूजेला बसलो नाही. धाकटा भाऊ दर वर्षी पुण्याहून येऊन बसायचा. कारण मी एकच द्यायचो, त्या दिवशी ऑफिसमध्ये ड्यूटी आहे. इथे एक चूकदुरुस्ती करायला हवी. ड्यूटीचा तक्ता मीच बनवतो. चारही वर्षं त्या दिवसासमोर माझं नाव मीच लिहिलं होतं.

गेल्या वर्षी कंपनीने भावाला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. त्याचा फोन आला तेव्हा वडील समोरच बसले होते. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे.

"मग मी बसतो," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही खाली बसणार कसे?"

"बसेन. उठवायला तुम्ही आहात ना. तुझी तर ड्यूटी असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाट घेऊन सराव करताना दिसले. भिंतीला हात लावून खाली गेले. वर यायला मला आणि बायकोला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "जमतंय," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाट काढला.

त्या दिवशी ऑफिसला जाऊन मी तक्त्यातलं माझं नाव खोडलं आणि घरी फोन करून सांगितलं की पूजेला मी बसतो.

अडचण आता वजनाची नव्हती, वजन गेल्यावर जे उरलं त्याची होती. न्हाणीघराच्या आरशात मी ते नीट बघितलं. बेंबीखाली कातडीच्या दोन घड्या होत्या, वाकलं की तिसरी पडायची. छातीही खाली आलेली. दंड उचलला की खालची कातडी लोंबायची आणि हात थांबल्यावरही थोडा वेळ हलत राहायची. शर्टाच्या आत हे कुणाला माहीत नव्हतं. रस्त्यात लोक म्हणायचे, "भिया, आधे रह गए!" त्यांना शर्ट दिसत होता.

आदल्या दिवशी बायकोने न्हाणीघराचं दार वाजवलं. ती शाळेत शिकवते.

"अहो, बाहेर येताय का मी अशीच शाळेत जाऊ?"

मी उपरणं पांघरूनच बाहेर आलो. दोन्ही खांद्यांवर, छातीवर आणि पोटाजवळ अशा चार जागी सेफ्टी पिना लावल्या होत्या. हात वर केला तरी काही दिसत नव्हतं. मी हात वर करून दाखवला.

"किती पिना आहेत?"

"चार."

"मी लग्नात शालूला दोन लावल्या होत्या," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

पूजेच्या सकाळी मुकटा वडिलांनी स्वतः काढून दिला. कपाटात वर्षभर ठेवल्याचा वास होता. आतल्या खोलीत दार लावून नेसलो. या वेळी कापड कमरेभोवती फिरून बरंच उरलं. निऱ्या घातल्या, त्या सात झाल्या. कासोटा घट्ट बसला. वरून उपरणं आणि चार पिना.

बाहेर आलो तर जीजाजी सोफ्यावर होते. "आओ साले साब," ते म्हणाले, "ये क्या, पूरे पैक होके आए हो? कुरियर से जाना है क्या?"

बहिणीने त्यांना कोपर मारलं. मी पाटावर बसलो. बायको उजव्या बाजूला बसली.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. आमची मूर्ती मातीची असते, म्हणून पंचामृताचं स्नान ताम्हनातल्या सुपारीला घालतात. दूध झालं. दही घ्यायला वाकलो तेव्हा उपरण्याचं टोक दह्याच्या वाटीत गेलं. ते वर घेतलं तर पिनेमुळे दुसरं टोक खाली आलं आणि दुधात पडलं. आत्या म्हणाली, "अरे, सांभाळ, सांभाळ!" मी दोन्ही टोकं एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने पळी उचलायला लागलो. तुपाची वाटी कलंडली. शेजारी निरांजन जळत होतं.

गुरुजी थांबले. "यजमान, देव राहिले बाजूला, तुमच्या उपरण्याचंच स्नान चाललंय. काढून ठेवा ते. पेट घेईल."

"राहू दे गुरुजी, धरतो मी."

"दोन हात लागतात हो पूजेला."

मी वडिलांकडे बघितलं. ते खुर्चीवर होते. त्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले आणि उठायला लागले. त्यांना खाली यायचं होतं, माझ्या जागी.

"बाबा, बसा तुम्ही," मी म्हणालो आणि खांद्यावरच्या पिनेला हात घातला.

ती निघेना. हाताला तूप लागलं होतं. बायकोने ती काढली, मग दुसरी, मग उरलेल्या दोन. काढलेल्या चारही पिना तिने आपल्या बांगडीत अडकवल्या. मी उपरणं काढून मागे ठेवलं.

पहिली बोलली आत्या. तिचं सगळं आयुष्य इंदुरात गेलं आहे आणि मनात आलेलं ती तिथेच बोलून टाकते.

"अगं बाई! हे पोटाला काय झालं रे? अगदी रिकाम्या झोळीसारखं!"

पाच वर्षांपूर्वीसारखेच सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहिणीने खाली बघितलं. मी पळी आणि दह्याची वाटी उचलली. जे पक्कं माहीत होतं ते सांगितलं.

"एकोणचाळीस किलो काढले त्यातून, आत्या. दोन काट्यांवर मोजून."

"एकोणचाळीस!" आत्याने हात गालावर ठेवला. "एवढी तर मी आहे रे सगळी मिळून!"

"मतलब," जीजाजी म्हणाले, "तू बुआजी को उतार के आया है!"

सगळे हसले. गुरुजी हसले, वडील हसले, आत्या सर्वांत जास्त हसली. मीही हसलो. हसताना पोटावरच्या तिन्ही घड्या हलल्या. मी त्या झाकल्या नाहीत, कारण एका हातात पळी होती आणि दुसऱ्यात दह्याची वाटी.

"बोला," गुरुजी म्हणाले, आणि दह्याचं स्नान झालं. मग तूप, मध, साखर. हात मोकळे होते, काही सांडलं नाही. फुलं वाहताना दंड उचलले, दूर्वा वाहायला पुढे वाकलो. पोटाकडे पुन्हा कुणी बघितल्याचं मला आढळलं नाही. जीजाजींनी मात्र मध्ये एकदा आपला कुर्ता पोटावरून खाली ओढला.

आरती झाल्यावर जीजाजी हळूच जवळ आले. त्यांचं वजन मला माहीत नाही. "यार, शेव पूरी बंद करनी पड़ती है क्या?" त्यांनी विचारलं.

"पूरी."

"पोहे पे भी?"

"पोहे पे भी."

त्यांनी कुर्ता पुन्हा खाली ओढला. "कल सुबह किती वाजता निघतोस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सहाला.

वडिलांना नमस्कार करायला वाकलो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला. मधे कापड नव्हतं. मग मुकट्याकडे बघत त्यांनी बोटाने निऱ्या मोजल्या.

"सात आल्या," ते म्हणाले. "माझ्या पाचच यायच्या."

जीजाजींनी पूजेचा फोटो काढला होता. आधी मी असा फोटो पुसायला लावायचो, नाहीतर छातीपासून वरचा कापून ठेवायचो. फोटो कापण्याचं काम ऑफिसात रोजच करतो. हा कापला नाही. दुपारी मीच तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जर्मनीहून भावाचा संदेश आला: "कौन है ये?" एका मिनिटाने दुसरा: "दादा?? तू??" आणि त्यानंतर फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता जीजाजी मिलच्या भिंतीपाशी हजर होते. कोपऱ्यापर्यंत आले आणि परत फिरले. आम्ही पोह्याच्या दुकानात गेलो. त्यांनी शेव घातलेले पोहे घेतले, मी बिनशेवेचे. मी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसलो. दाबून बघायची राहून गेली, हे प्लेट संपल्यावर लक्षात आलं.

त्याच आठवड्यात कपड्यांच्या त्या जुन्याच दुकानातून चाळीस नंबरचे दोन शर्ट घेतले. दुकानदाराने विचारलं, "ये किसके लिए?" मी म्हणालो, "मेरे लिए."

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजेला मीच बसलो. ड्यूटीच्या तक्त्यात त्या दिवशी दुसऱ्याचं नाव होतं. मुकट्याला सात निऱ्या पडल्या. उपरणं धुऊन गच्चीवरच्या दोरीवर टाकलेलं होतं.