त्र्यंबकनानांचं कस्टम

आमच्या गल्लीतून परदेशी जाणारं प्रत्येक पार्सल आधी त्र्यंबकनाना हुंगत. डबा नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "तूप आहे. काढा." तूप आहे हे डबा भरणारीला ठाऊकच असायचं. पण नानांनी हुंगून सांगितलं की ती बिचारी चोरी पकडल्यासारखी उभी राहायची.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. धुळ्यात तेव्हा परदेशात माणूस असलेली घरं थोडी. आमच्या गल्लीतल्या एका मारवाडी शेठजींचा मुलगा आफ्रिकेत होता आणि माझी धाकटी बहीण शालू डॉक्टर नवऱ्याबरोबर विलायतेत. नाना मुंबईहून निवृत्त होऊन आले ते "मी कस्टमात होतो" असं सांगतच. होते गोदीवरच्या एका खासगी दलालाकडे. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवायचे आणि सही होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचं, एवढंच काम. त्या भांडवलावर त्यांनी आमच्यावर राज्य केलं.

"यम एक वेळ सोडेल, कस्टम सोडणार नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं त्याहून जालीम होतं. "दंड तुम्हाला नाही हो अक्का, तिकडे जावयाला भरावा लागेल." हे ऐकलं की भल्याभल्या बायका गार पडत. लेकीला काही मिळालं नाही तरी चालेल, पण जावयाच्या खिशाला हात लागता कामा नये, ही आमच्याकडची रीत. नानांनी ती बरोबर हेरली होती. काढलेल्या वस्तू ते स्वतःच्या घरी नेत आणि त्याला 'जप्ती' म्हणत. जप्त झालेल्या लोणच्याच्या बरण्या त्यांच्या फडताळात ओळीने उभ्या असत. मला त्या माणसाची किळस यायची. गल्ली मात्र त्यांना नमस्कार करायची.

शालूचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला ती तिकडे एकटीच, जवळ आपलं कुणी नाही, आणि आईचं जाणं शक्य नव्हतं. पाचवीची पूजा होईपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं वापरून मऊ झालेलं लुगडं लावायचं, हा आमच्या घरचा रिवाज. पहिल्या वेळी तसं कापड पोचलं नाही म्हणून ते मूल गेलं, असं आईच्या मनाने घेतलं होतं. मला ते पटत नसे, पण तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. तिने आजीचं हिरवं लुगडं फाडून टोपडी, झबली, दुपटी शिवली. सोबत हळीव आणि डिंक बांधून ठेवला.

नाना तपासायला म्हणून ते गाठोडं घरी घेऊन गेले आणि चांगले आठवडाभर ठेवून बसले. मग येऊन त्यांनी निकाल दिला. हळीव म्हणजे बी. "तिकडच्या मातीत पडलं नि उगवलं म्हणजे?" आमच्या मूठभर हळिवाने इंग्लंडात रान माजेल, ही त्यांना चिंता! डिंक औषधात मोडतो, म्हणून तोही गेला. शेवटी कपडे.

"वापरलेलं कापड बंद आहे, अक्का."

"नाना, मन्ही सासूनं लुगडं शे ते," आई तिच्या अहिराणीत म्हणाली. "चांगलं धुयेल शे."

"धुतलं तरी जुनं ते जुनंच. दुकानातून नवं आणा. नाहीतर जावई बसतील दंड भरत."

मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा पार्सल शिवून तयार होतं. आत खळीचे दोन करकरीत झगे. आई भिंतीला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीवर मी सहज विचारलं, घरचे जुने कपडे चालतात का? तिथला कारकून हसला. "बाई, आत काय आहे ते हिरव्या चिठ्ठीवर खरं लिहा, किंमत लिहा, भेट म्हणून लिहा. जुन्या टोपड्यावर कोण जकात लावतंय?"

मी पार्सल तसंच परत आणलं आणि आईला घेऊन थेट नानांच्या घरी गेले. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. झोळीत नातू झोपला होता आणि त्याच्या डोक्यावर आमच्या आजीच्या लुगड्याचं टोपडं होतं.

"टाकून द्यायचं जिवावर आलं," नाना म्हणाले. तोंडावर लाज म्हणून नाही.

"काढा ते!" मी ओरडले.

आईने माझा हात धरला. "राहू दे माय. पोऱ्यानं काय चुकनं?"

"अक्का समजूतदार आहेत," नाना म्हणाले, आणि आम्हाला चहा विचारला. त्या क्षणी मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, हे चुकलंच.

आईने रात्रीतून स्वतःचं नेसूचं लुगडं फाडून सगळं पुन्हा शिवलं. मी ते विमानाच्या टपालाने पाठवलं. एक पैसा जकात लागली नाही, कुणी काही अडवलं नाही. पण नानांच्या तपासणीत दिवस गेले ते गेलेच. पार्सल पोचलं तेव्हा शालूची मुलगी जन्मून तिची पाचवी उलटून गेली होती. मुलगी सुखरूप होती. ती चालायला लागल्याची बातमी येईपर्यंत आई मात्र धड जेवली नाही. आणि नाना गल्लीत सांगत होते, "पोचलं ना पार्सल? मार्ग कुणी दाखवला?"

काही वर्षांनी नाना गेले. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटल्याचं दाखवायचीही इच्छा झाली नाही. सुतकाच्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात. आईने पिठलं-भाकरी केली. मी चिडले, पण ती ऐकेना, म्हणून टोपली धरायला मीही गेले. ओसरीवर माणसं बसली होती. कुणीतरी म्हणत होतं, नानांनी गल्लीतल्या सगळ्या लेकीबाळींची पार्सलं धाडली, असा परोपकारी माणूस होणे नाही.

आईने टोपली सुनेच्या हातात दिली आणि ओसरीकडे वळली.

"मन्ही पोरनी पाचवी खाई गया हाऊ माणूस," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाली, "गरम शे, खाई ल्या."