येळवशीला कोंडलेलं पोर

सरानं माझी पिशवी मैदानावर उलटी केली. चष्म्याची डबी पडली, तसबीहची माळ पडली, दोन कांदे गडगडत गोलच्या खांबापाशी गेले. सगळी पोरं रांगेत उभी. एक पोरगं कांदे उचलाया वाकलं तर सर म्हणला, "हात लावायचा नाही."

मग माझ्याकडं वळून, "कुलूप तोडणारी काही उचलल्याशिवाय जाते का गं? तुमच्या लोकांना आत घेतलं, हीच माझी चूक."

त्याच्या आईच्या वयाची मी. या वसतिगृहातली पहिली भाकरी म्या थापली. पोरं मला खाला, म्हंजी मावशी, म्हणायची. त्या दिवशी एकानंबी वर बघितलं न्हाई.

कुलूप म्याच तोडलं व्हतं. का तोडलं ते ऐका.

मुरूमच्या बाहेर, तुरीच्या रानात ही सराची फुटबॉलची अकादमी. लांबलांबची पोरं. दलाल त्यांच्या घरी सांगतो, मुंबईच्या क्लबात नेतो, आणि आणून उतरवतो इथं. तोंबा असाच आलेला, मणिपूरचा. मिसरूडबी नीट फुटलं नव्हतं. त्याची हिंदी मोडकी, माझी दखनी ढंगाची, म्हणून आमचं जमायचं. भाकरी कशी कुस्करायची ते त्याला म्या शिकवलं.

खेळताना त्याचा गुडघा फिरला. सुजून भोपळा झाला. सरानं मलम दिलं आणि खोलीत बसवलं, दवाखाना न्हाई. पोरांचे फोन ऑफिसात असायचे, रविवारी घटकाभर मिळायचे. तोंब्याला तेवढाबी बंद केला. घरी कळलं तर तिकडची दुसरी पोरं यायची न्हाईत, एवढंच सराला भ्या.

तेवढ्यात येळवस आली, वेळ अमावस्या. त्या अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रं ऱ्हात न्हाई, सगळी रानात जेवाया. हिंदू असू द्या, मुसलमान असू द्या, ज्याला रान न्हाई तो शेजाऱ्याच्या रानात. कडब्याची कोप उभारायची, तिथंच पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. वाटंनं जाणाऱ्यालाबी ओढून जेवाया बसवत्यात.

सर बाहेरचा. त्याला ह्यातलं काय ठावं? टीम घेऊन सोलापूरला मॅचला गेला, जाताना तोंब्याच्या खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात. वॉचमनला फोनवर म्हणला, खोलीकडं लक्ष ठेव; आत पोर हाय ते बोलला न्हाई.

मी शेजारणीच्या रानात जेवाया बसलेली. वॉचमन आंबील पीत तिथंच आला.

"तोंब्याला कुणाच्या रानात धाडलं रे?"

"नेलं असंल की कुणीतरी, खाला. खोलीला कुलूपच हाय. येळवशीला गावात कोण ऱ्हातंय?"

कुणी नेलं ते ह्यालाच ठावं न्हाई, मग कुलूप कशाला? घास तसाच ठिवला आणि डबा भरून निघाले. रस्त्यावर माणूस न्हाई. दुकानं बंद, हापशावर कुणी न्हाई. मलाच भ्या वाटाया लागलं, त्या पोराला काय वाटलं असंल? वसतिगृहाच्या मागं गेले तर ते खिडकीचे गज धरून उभं, एका पायावर. हाक मारून मारून घसा बसलेला. त्याला वाटलं, सगळं गावच उठून गेलं.

भटारखान्यातला वरवंटा आणला आणि कुलूप ठोकलं.

पोरगं आधी पाणी प्यालं. डब्याला हात लावला न्हाई. म्हणलं, "खाला, फोन है?"

दिला. आईसंगं त्याच्या बोलीत बोलत व्हता. मला एक अक्षर कळत नव्हतं. बोलता बोलता गुडघ्यावर हात ठेवून दाखवीत व्हता. आईला काय दिसणार फोनवर, तरी दाखवीत व्हता.

रात्री सर टीम घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मैदानावरची रांग. तोंबाबी उभा, कडंला. माझी पिशवी उलटी केल्यावर सरानं फोन पुढं धरला, आवाज मोठा करून. पलीकडं तोंब्याचा मामा, हिंदी जाणणारा; आईकडनं कळल्यावर त्यानंच फोन लावलेला.

फोनवर हात धरून सर मला म्हणला, "याला सांग, लड़का ठीक है, झूठ बोला था. आणि जा भाकऱ्या थापायला."

हो म्हणले असते तर चूल माझीच ऱ्हायली असती. आतापतूर लोकांनी जे म्हणलं त्याला मान हलवत आले. सासरी हलवली, मालकांपुढं हलवली. त्या दिवशी मान हललीच न्हाई.

म्या फोनात सांगितलं, "मामा, घुटना गया है बच्चे का. कमरे में ताला लगाके रखे थे. आओ, लेके जाओ. मैं इधर ही हूँ."

सर म्हणला, "बाहेर हो."

झाले. आधी वाकून एक-एक वस्तू वेचली. कुणी मदतीला आलं न्हाई, येणार कसं?

मामा आला, पोराला घेऊन गेला. उमरग्याच्या डॉक्टरानं तपासून सांगितलं, लई उशीर केला, आता ह्याला पळता यायचं न्हाई. पोरगं एस्टीत बसलं, तोंड दुसरीकडं.

आता भटारखान्यात दुसरी बाई हाय. ती मला बघून गल्ली बदलते. घरात मी एकटी. पन्नास पोरांच्या पिठाला सरावलेला हात, एका माणसापुरतं पीठ घ्यायचं तर चुकतो. भाकरी उरते.

म्या ठाण्यात जाऊन जबानी दिली. हवालदार म्हणला, "खाला, पोरगं गेलं की. आता कशाला?"

आत अजून पोरं हायत म्हणून.

काल सरानं माणूस धाडला. जबानी मागं घे, काम परत देतो. त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. म्हणलं, "त्यांना सांगा, जबानी बदलायची न्हाई. कोर्टात बोलावलं तर एकटी जाईन. आणि आतल्या एकेका पोराच्या घरचा नंबर मिळवून, त्याची आई कुठंबी असू दे, म्या स्वतः फोन लावणार हाय."