मोहाची अर्धी गोष्ट

शालिनी मॅडम गेल्या त्याच दिवशी माझा मेलेला आजा एका अनोळखी माणसाच्या स्टेटसवर बोलत होता.

आज त्याला वर्ष झालं. तरी तो स्टेटस आठवला की डोकं गरम होते.

मॅडम आमच्या शाळेच्या ग्रंथपाल. दरेकश्याकडची आमची शाळा, मागं डोंगर, पुढं रेल्वेलाईन. मी तिथं दहावीपर्यंत कसाबसा टिकलो. मग रायपूरला केटरिंग, नागपूरला गोडाऊन, मधे एक सीझन एका सर्कशीच्या ट्रकवर. ते कधी दुसऱ्या पोस्टमधे सांगीन.

तर मॅडम.

या बाईवर आमच्या गावाचा पहिल्यापासून डाऊट होता. पुस्तकं फुकट, टॅबवर गोष्टी फुकट, शनिवारी प्रोजेक्टरवर सिनेमा फुकट. तो प्रोजेक्टर पण दुसऱ्या शाळेचा. आसपासच्या शाळांच्या ग्रंथपालांचा एक ग्रुप होता, त्यात सगळे एकमेकांना पीडीएफ, स्पीकर, पुस्तकांच्या पेट्या पाठवत राहायचे.

आजा म्हणायचा, फुकट तं महामारी पण येत नाई, ती बी काही घेऊन जाते.

मग पालकांची मीटिंग झाली. मॅडम म्हणाल्या, तुमच्या घरच्या गोष्टी शाळेसोबत शेअर करा.

आजा मागं बसला होता. जंगलात मोहाची फुलं वेचायचा आणि दुसऱ्याची धानाची बांधी बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकावर, करायचा. तो उभा राहिला.

"शेअर म्हंजे हिस्साच ना जी? कायचा हिस्सा पायजे तुमाले?"

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. जरा विचार करून म्हणाल्या,

"हिस्साच, बाबा. पुस्तक माझं, मेहनत तुमची. पीक अर्धं-अर्धं."

तेव्हापासून आमच्या शाळेत पुस्तक बटईनं मिळायचं. पोरानं पुस्तक घरी न्यायचं आणि बदल्यात घरातल्या कोणाची तरी गोष्ट मॅडमच्या टॅबमधे भरून द्यायची. बटई म्हटल्यावर गावाला हिशोब कळला. डाऊट नाही गेला, पण कळला.

आज्यानं मोहाची गोष्ट दिली. अर्धीच. मधेच त्याला बैल सुटल्यासारखा वाटला, तो उठून गेला. बाकी उद्या म्हणाला. मग त्याचा दमा वाढला आणि पुढच्या उन्हाळ्याचा मोह त्यानं पाहिलाच नाही.

आमच्याकडं त्याचा एक फोटो आहे, आधार कार्डावरचा. आवाज फक्त त्या टॅबमधे.

मॅडमनी मला एकदा बाजारात गाठलं. तुला पुढची गोष्ट माहीत असेल ना रे?

मी म्हटलं, मंग मले काय भेटन?

"अर्धं," म्हणाल्या आणि भाजी घ्यायला गेल्या.

आणि त्या गेल्या त्या दिवशी हा स्टेटस, कोणीतरी मला फॉरवर्ड केलेला. दवनीवाड्याकडच्या एका शाळेच्या ग्रंथपालाचा. माझ्या आज्याचा आवाज, वर लिहिलेलं, 'आमच्या वाचनालयातून.' आज्याचं नाव नाही, गावाचं नाही, मॅडमचं पण नाही.

आमच्या शाळेत विचारलं, तर टॅब कपाटात नाही. मॅडमच्या आजारपणात कोणीतरी नेला म्हणे.

माझ्या डोक्यात सगळं फिट बसलं. बाई आजारी, कपाट उघडं, माल गायब.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. आमगावला क्लचची वायर तुटली. तिथं समोसे बरे भेटतात, ते खात खात मी काय काय बोलायचं ते पाठ केलं.

स्टेटसवाले ग्रंथपाल सर पन्नाशीचे, बारीक, गळ्यात चष्मा. मी आत गेलो आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. चोर हा शब्द पण होता त्यात.

सर म्हणाले, "बस बाबू. पाणी पी."

म्हटलं, पाणी नाई पायजे. माह्या आज्याचं नाव काऊन कापलं?

त्यांनी कपाटातून टॅब काढला. मॅडमनीच पाठवला होता म्हणे, बटईनं. स्टेटसवर जरासंच बसते, म्हणून त्यांनी सुरुवातीचं कापलं. मग पूर्ण फाईल लावली.

आधी मॅडम बोलल्या.

"गोष्ट सांगताहेत सोमा बाबा. मोह वेचणारे. नीट ऐका रे."

काल जिला स्मशानात पोचवलं, ती बाई म्हणून राहिली, नीट ऐका.

मी बसलो.

मग आजा. आधी मोह दिवसा फुलं टाकायचा. दणकट लोकं धावत यायचे, सगळं उचलून न्यायचे. एक म्हातारी हळू चालायची, तिला काहीच नाही उरायचं. मंग झाडानं काय केलं... थांब जी, बैल सुटला वाटते.

खटकन बंद.

त्याच्या खाली तिथल्या पोरांनी आपापला शेवट भरलेला. एका पोरीच्या गोष्टीत झाडानं फुलं धानाच्या बांधीत लपवली. एकानं झाडालाच मोबाईल दिला.

म्हटलं, सर, माह्या आज्याच्या गोष्टीत मोबाईल कुठून आला?

"मंग खरा शेवट तू सांग ना बापा. त्या तुयीच वाट पाहून राहिल्या होत्या."

हे वाक्य खरं की मला गप करायला मारलेलं, मला अजून माहीत नाही. 'आमच्या' म्हणजे आपल्या सगळ्यांच्या, असंही सर म्हणाले. तेही पूर्ण पटलेलं नाही.

पण त्यांनी टॅब पुढं केला आणि मी बोललो. लहानपणी आज्यासोबत टोपली घेऊन जायचो, तेव्हा ऐकलेलं.

"झाड म्हणे, म्हाताऱ्या माणसाले झोप कुठं येते? म्हणून मोह आता पहाटेच पडते. दणकट लोकं झोपून राह्यतात, म्हातारी आधी पोचते. पयली टोपली तिची."

मॅडम, माझा हिस्सा भरला.

पहिली टोपली तुमची.