इबटच्या मुलाचं आडनाव

अॅडमला बाप नाही, अशी कुजबुज होती. म्हणजे कुणीतरी असणारच, पण चर्चच्या दाराशी उभा राहून लग्न करणारा नव्हे. मेंढ्यांमागून आलेला आणि मेंढ्यांमागूनच निघून गेलेला. यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात असं बोलायला पुरावा लागत नसे, बिअरचा एक पेला पुरे. आणि कुणी मागितलाच तर पुरावा नावातच होता. बाकीची पोरं बापाच्या नावाने ओळखली जायची, हा एकटा आईच्या. इबटचा मुलगा, इबटसन.

तिकडे आडनाव कुणी निवडत नसे, गाव चिकटवायचं. विहिरीजवळ राहतो तो अॅटवेल. ओलं लोकरीचं कापड पायांनी तुडवून घट्ट करतो तो वॉकर, म्हणजे चालणारा. जन्मभर एकाच हौदात पाय आपटणाऱ्याला चालणारा म्हणणारं गाव ते. त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा किती ठेवायची?

इबटने ही कुजबुज जॉन अॅटवेल मरेपर्यंत कानाआड केली. जॉन तिचा दीर, पण तसं गावात कुणी म्हणत नसे. त्याच्या जमिनीच्या कडेला एका झोपडीत ती आणि अॅडम राहत, त्याचीच शेतं कसत. जागा का दिली ते जॉन कधी बोलला नाही, आणि त्याने रिकामं ठेवलेलं गावाने आपल्या मनासारखं भरून घेतलं. आता तो गेला, मूलबाळ नव्हतं. जमीन पुतण्याला मिळायची, पण पुतण्या लग्नाच्या बायकोचा असेल तरच. नाहीतर ती जहागिरीत जमा, आणि मायलेकांनी हिवाळ्याच्या तोंडावर रस्ता धरायचा.

शपथेवर सांगणारा साक्षीदार हवा होता. लग्न पाहिलेले बहुतेक मरीत गेले होते. पाद्री नवा, पंच नवे, निम्मं गाव मरीनंतर येऊन वसलेलं. उरला होता गिल्बर्ट वॉकर.

गिल्बर्टच्या आधी त्याचा वास यायचा, कारण लोकरीचा तेलकटपणा काढायला त्याच्या हौदात साऱ्या गावाचं शिळं मूत असे. इबट हौदाच्या काठावर जाऊन बसली.

“दादा, उद्या पंचांपुढे बोलाल ना?”

“कशाबद्दल?” पाय चालूच.

“ठाऊक आहे तुम्हाला. दाराशी होता तुम्ही. पाद्री शिंकत होता आणि तुम्ही फिदीफिदी हसत होता.”

“होतो.”

“मग तेवढंच सांगा. आणि त्याचं नाव.”

पाय थांबले. “नाव नको, इबट.”

“नावाशिवाय साक्ष कसली? माझं लग्न कुणाशी झालं म्हणून सांगाल, या हौदाशी?”

“ते नाव घेतलं की मरी येते. माझी बायको अॅग्नेस त्याचं नाव घेऊन रडली, तर ती गेली, मागोमाग दोन्ही पोरी. आणि मला काय सांगतेस, तू पोराला सांगितलंस कधी?”

तिने सांगितलं नव्हतं. पोर पोटात होतं तेव्हापासून ते नाव तिने गिळून ठेवलं होतं.

“छप्पर जाईल, दादा,” ती म्हणाली, आणि हौदात हात घालून तिने त्याचा घोटा धरला. त्याने पाय सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी जहागिरीच्या कोठारात पंच बसले. गिल्बर्टने पवित्र ग्रंथावर हात ठेवला. “लग्न झालं होतं,” तो म्हणाला.

“कुणाशी?” कारभाऱ्याने विचारलं.

गिल्बर्टचे ओठ हलले. मग तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

“या पोराचा बाप कोण?”

“आम्ही याला इबटसन म्हणतो, सरकार.”

“ते आम्हीही म्हणतो,” एक पंच म्हणाला, आणि कोठार हसलं.

इबट पुढे आली. “ह्यू,” ती म्हणाली. “ह्यू अॅटवेल. जॉनचा भाऊ.”

मागच्या दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला आणि त्या भिंतीकडे सरकल्या. गिल्बर्ट दार उघडून बाहेर चालता झाला.

“बाई, तुझ्याच फायद्याची साक्ष तुझीच कशी धरू?” कारभारी म्हणाला. “आणि नवऱ्याचं नाव आज आठवलं?”

जमीन जहागिरीत गेली. लेखनिकाने पोराचं नाव अॅडम इबटसन असं लिहिलं. पुढे त्याच्या पोरांनाही तेच लागलं.

झोपडीतलं सामान दोन गाठोड्यांत मावलं. खोऱ्याबाहेरच्या चढावर अॅडमने विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तू मरशील म्हणून.”

“आणि आता?”

तिने गाठोडं खाली ठेवून त्याच्या कपाळाला हात लावला. पुढच्या साऱ्या वाटेवर ती परत परत लावत राहिली.

अॅडमला बाप होता. ह्यू अॅटवेलने इबटशी चर्चच्या दाराशी रीतसर लग्न केलं होतं. गावात मरीने सर्वांत आधी तो मेला, म्हणून त्याचं नाव घ्यायला लोक भीत होते.