निळी पडलेली बोटं

लोकांना वाटतं, खेळाचा मास्तर म्हणजे धीट माणूस. कसला धीट! चोपड्याकडच्या आमच्या छोट्या कॉलेजात मी जन्मभर शिट्टी फुंकली आणि जन्मभर भीतच राहिलो. पोर पडलं की डोळे आधी मी मिटायचो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुलींचा कबड्डी संघ काढला, तेव्हा घरोघर बापांच्या विनवण्या कराव्या लागल्या. केळीची शेती करणाऱ्या एका आबांनी मात्र चटकन मुलगी पाठवली. चढाईला तिच्या तोडीची दुसरी नव्हती. धुळ्याच्या सामन्यात तिची पकड झाली, समोरच्या पोरी अंगावर कोसळल्या आणि उजवा हात कोपराखाली मोडला. प्लास्टर घालून तिला घरी पोचवली. एसटीत मी आबांना काय सांगायचं तेच घोकत होतो. आबा एवढंच म्हणाले, "खेळमा लागसच, सर." माझा जीव भांड्यात पडला.

दोन-तीन दिवसांनी बघायला गेलो, तर प्लास्टर फोडून ओट्याखाली टाकलेलं. आमच्याकडे हाड मोडलं की हाडवैद्याचा हात लागल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नाही. आदल्या संध्याकाळी वैद्याने पाल्याचा लेप थापून, बांबूच्या कांबी लावून हात दोराने करकचून आवळला होता. बाहेर राहिलेली बोटं सुजून निळी पडली होती. हात लावला, तर थंडगार.

"दुखतंय का गं?"

"रात्रभर खूप दुखलं, सर. सकाळपासून बोटं कळतच नाहीत."

प्रथमोपचार शिकलो होतो मी. हे दुखणं थांबणं चांगलं नव्हे, एवढं कळत होतं. हात जाणार होता.

"आबा, हे आत्ताच्या आत्ता सोडा."

"तुमना हातखाल मोडना, तो जोडी राहिना," आबा शांतपणे म्हणाले. "आते तुम्ही गुपचूप बठा."

मी मोडलेला हात वैद्य जोडत होता, आबांचा हिशोब सरळ होता. ओट्यावर भाऊबंद जमलेले. उठून गेलो असतो तर कोणी अडवलं नसतं, आणि खोटं कशाला बोलू, उठावंसं फार वाटलं. पण कोपऱ्यातला विळा घेतला आणि दोर कापायला बसलो. विळा एकदा दोरावरून घसरला, तशी पोरगीच म्हणाली, "सर, हळू." मागून कोणीतरी माझी कॉलर धरली. कांबी निघाल्या, आबांनी आतला हात पाहिला आणि कॉलर सोडायला सांगितली. केळीच्या टेम्पोत घालून तिला जळगावला नेलं.

हात वाचला. दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली. परीक्षेसाठी ती डाव्या हाताने लिहायला शिकली.

पुढच्या जूनमध्ये आबा मैदानावर आले. म्हटलं, आता चारचौघांत आपली अब्रू काढणार. त्यांच्यामागे धाकटी मुलगी होती.

"हिले बी खेळाडा," आबा म्हणाले.

पोरगी पाया पडायला वाकली. तिची सगळी बोटं सरळ होती. ती बघून मला दरदरून घाम फुटला.